प्राथमिक विज्ञानाच्या अध्ययन निष्पत्तींना शैक्षणिक साहित्य नेमके कसे जुळवावे?

प्रश्न

तिसरी ते पाचवीच्या विज्ञानासाठी एक तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. एका बाजूला अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकल्यावर मुलाला काय करता आले पाहिजे हे सांगणारी विधाने) आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी उपयुक्त व्हिडिओ, कृतिपत्रिका, प्रयोग आणि प्रतिकृती असे त्याचे स्वरूप आहे. घटकाच्या नावाने शोध घेतला की साहित्य भरपूर सापडते. ‘बाष्पीभवन’ एवढा एक शब्द घातला तरी निवड करता करता दमछाक होते. माझी अडचण वेगळी आहे. व्हिडिओ पाहून मुले व्याख्या बिनचूक सांगतात, पण फरशीवर सांडलेले पाणी कुठे गेले असे विचारले की ‘फरशीत मुरले’ किंवा ‘संपले’ अशी उत्तरे येतात. म्हणजे तक्त्यात घटक जुळलेला असतो, शिकणे मात्र जुळलेले नसते. साहित्य निवडताना कोणता निकष लावावा? आणि एकच साहित्य अनेक निष्पत्तींसमोर लिहिणे योग्य आहे का?

उत्तर १

घटकाचे नाव बाजूला ठेवून आधी निष्पत्तीतील क्रियापद पाहावे, असे मी सुचवेन. ‘सांगतो’, ‘वर्गीकरण करतो’, ‘अंदाज बांधून पडताळून पाहतो’ आणि ‘कारण देतो’ या चार वेगवेगळ्या मागण्या आहेत आणि एकाच साहित्यातून त्या चारही क्वचितच पूर्ण होतात. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेली शैक्षणिक उद्दिष्टांची श्रेणी २००१ मध्ये सुधारली गेली, तेव्हा तिच्यातील पायऱ्यांची नावे नामांऐवजी क्रियापदांच्या रूपात आली. तक्ता करणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार उपयोगाचा आहे, कारण मूल काय करताना दिसले म्हणजे ते शिकले असे मानायचे, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

आपलेच उदाहरण घेऊ. ‘बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो हे प्रयोगाने तपासतो’ अशी निष्पत्ती असेल, तर पसरट ताटलीत आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत सारखेच पाणी मोजून घ्यावे, दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवावीत आणि कुठले पाणी आधी आटेल याचा अंदाज मुलांकडून कारणासह आधीच लिहून घ्यावा. दुसऱ्या दिवशी उरलेले पाणी मुलांनीच मोजायचे. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. एक भांडे उन्हात आणि दुसरे सावलीत ठेवले, तर पृष्ठभाग आणि तापमान या दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात आणि निष्कर्षाला आधार राहत नाही. ही अडचण मुलांच्या लक्षात येणे हाच या निष्पत्तीचा गाभा आहे. ज्या व्हिडिओत सगळी मांडणी आधीच बिनचूक करून दाखवलेली असते, तो कितीही सुबक असला तरी नेमकी हीच संधी हिरावून घेतो.

उत्तर २

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु व्हिडिओला सरसकट दुय्यम ठरवू नये. फुलपाखराच्या जीवनचक्रासारखी संथ किंवा वर्गात आणता न येणारी गोष्ट दाखवायला तोच योग्य असतो. निष्पत्ती ‘निरीक्षण करून बदलांचा क्रम लावतो’ अशी असेल, तर निवेदन बंद करून तो दाखवावा आणि क्रम मुलांना लावू द्यावा.

माझा आग्रह आणखी एका तपासणीसाठी आहे. साहित्यातून न बोलता काय शिकवले जाते, हेही पाहायला हवे. बियांच्या अंकुरणाच्या चित्रात वर हसरा सूर्य काढलेला असेल, तर अंकुर फुटायला ऊन लागते अशी समजूत घट्ट होते. प्रत्यक्षात बहुतेक बियांना त्यासाठी पाणी, हवा आणि योग्य तापमान पुरते. प्रकाशाची खरी गरज रोप स्वतःचे अन्न तयार करू लागते तेव्हा असते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्या चित्रांचेही असेच आहे. पृथ्वी १ सेंटीमीटर व्यासाची धरली, तर चंद्र सुमारे ३० सेंटीमीटरवर आणि सूर्य जवळपास ११७ मीटरवर येतो. एका पानावर हे तिन्ही शेजारी शेजारी पाहिलेल्या मुलाला चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असे वाटले, तर नवल नाही. अशा चित्रासमोर ‘अंतरे प्रमाणात नाहीत’ अशी नोंद तक्त्यात करावी. कलांसाठी अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि हातात धरलेला चेंडू घेऊन मुलाने स्वतःभोवती फिरणे अधिक उपयोगी ठरते. चेंडू डोक्यापेक्षा किंचित वर धरावा, नाहीतर पौर्णिमेच्या जागी मुलाच्याच डोक्याची सावली त्यावर पडते आणि जी चूक काढायची तीच पक्की होते.

प्रश्नकर्त्याची पुढील विचारणा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. म्हणजे निष्पत्ती आणि साहित्य यांच्या मधे ‘पुरावा’ असा एक रकाना हवा, असे मला वाटते. एका साहित्यासमोर अनेक निष्पत्ती लिहिण्याचा मुद्दा मात्र अजून स्पष्ट झालेला नाही.

उत्तर ३

एक साहित्य अनेक निष्पत्तींना जरूर चालते, मात्र प्रत्येक ठिकाणी पुरावा वेगळा लिहिता आला पाहिजे. सेल, वायर आणि बल्ब यांचा एकच संच घ्या. ‘विद्युत परिपथ पूर्ण असल्याशिवाय बल्ब पेटत नाही हे ओळखतो’ यासाठी बल्बला एकच वायर जोडलेले चित्र देऊन ते दुरुस्त करायला सांगणे हा पुरावा झाला. ‘विद्युतवाहक आणि विद्युतरोधक यांचे वर्गीकरण करतो’ यासाठी परिपथात फट ठेवून तिथे खिळा, खोडरबर आणि पेन्सिलीचे शिसे लावून पाहणे आणि गट पाडणे हा दुसरा. दोन्हीकडे एकच वाक्य लिहावे लागत असेल, तर त्यांपैकी एका निष्पत्तीसाठी दुसरे साहित्य शोधायला हवे.

तक्त्यात नोंद करण्यापूर्वी साहित्य स्वतः हाताळून पाहावे, हेही आवर्जून सांगतो. याच संचात बल्बऐवजी एलईडी असेल, तर १.५ व्होल्टच्या एका सेलवर तो सहसा पेटत नाही, आणि उलटा जोडल्यास दोन सेलवरही पेटत नाही. मुलाची जोडणी अचूक असूनही ‘परिपथ चुकला’ असा निष्कर्ष त्याच्या वहीत उतरतो. पहिल्या निष्पत्तीसमोर म्हणून विजेरीचा साधा बल्ब लिहावा आणि एलईडी पुढच्या इयत्तेसाठी राखून ठेवावा.