आधी शेवटचा टप्पा शिकवा
ताई, तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा झाला तरी चमचा तोंडापर्यंत नेईस्तोवर वरण अंगावर सांडतं आणि सासूबाई म्हणतात भरवून टाक, हे तुम्ही लिहिलेलं वाचून आमचेच दिवस आठवले. माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, स्नायू सैल त्यामुळे पकड कच्ची. वरणापासून सुरुवात करूच नका, चमच्याला चिकटेल असं द्या, श्रीखंड, घट्ट दहीभात, गुरगुट्या भात. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) शेवटाकडून उलटं शिकवलं, म्हणजे चमचा भरायचा, उचलायचा, सगळं तिच्या हातावर हात ठेवून करायचं आणि ओठांपाशी आला की सोडायचं, शेवटचा टप्पा तिचा, घास स्वतः खाल्ला हे तिला कळतं ना, मग हळूहळू आपला हात मनगटावर, मग कोपराला, मग काढूनच घ्यायचा. दांडा जाड हवा, मी जांभळी नाक्यावरून सायकलच्या हँडलची फोमची ग्रिप आणून चमच्यावर चढवली. वाटी सरकते म्हणून खाली ओला नॅपकिन. आणि पाय लोंबकळू देऊ नका प्लीज, खाली पाट ठेवा, पाय टेकले की हात स्थिर होतो, हे मला फार उशिरा कळलं!! काटा तर तिला चमच्याआधी जमला, इडलीचे तुकडे टोचून, त्यात सांडायची भीतीच नाही. आम्हाला सात महिने लागले. रोज एकाच जेवणाला करा, पहिले पाच-सहा घास त्याचे, बाकीचे सासूबाईंना भरवू दे, त्यांचंही मन राहील.