ओटो कोनिग्सबर्गरचं करिअर नेमकं कुठून वाचायचं?

जाळीदार_भिंत:
नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, सेमिनारला ओटो कोनिग्सबर्गर घेतलाय आणि पार अडकलेय. माणूस बर्लिनचा, जन्म १९०८, हान्स पोएल्झिगच्या हाताखाली शिकलेला, १९३३ ला नाझी आले आणि ज्यू घराण्यातला म्हणून नोकरी गेली, मग कैरोला लुडविग बोरखार्ट यांच्याबरोबर जुन्या इजिप्शियन वास्तूंचा अभ्यास, १९३९ ला म्हैसूर संस्थानात आला आणि मुख्य आर्किटेक्ट झाला, १९४८ ला दिल्लीत केंद्र सरकारचा गृहनिर्माण संचालक, १९५१ ला लंडन, आणि १९९९ ला तिथेच गेला. एवढं सगळं आहे पण गाईड विचारतात की याचं मोठं काम कोणतं? कार्बुझिएचं नाव घेतलं की चंदीगड डोळ्यासमोर येतं, याची एक अशी बिल्डिंग नाही जी पहिल्या स्लाइडवर टाकता येईल. भारतातली बारा वर्षं म्हणजे नुसता मधला मुक्काम धरायचा आणि खरं करिअर लंडनपासून सुरू करायचं का?

तुळई:
अजिबात नको. लंडनमध्ये तो जे शिकवत होता ते म्हैसूर संस्थानातल्या बेंगळुरूतच शिकून गेला होता. तिथल्या आयआयएस्सीत (भारतीय विज्ञान संस्था) एरोनॉटिक्सची इमारत, डायनिंग हॉल अशी बरीच कामं त्याची आहेत. मी दोन वर्षं त्या आवारात काढलीत त्यामुळे जरा मनापासून लिहितो. लांब आडवे छज्जे बघ. बर्लिनमध्ये शिकलेला माणूस काचेची मोठी भिंत सहज काढला असता, पण इथे आधी ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो आणि पाऊस किती तिरपा पडतो हे बघावं लागलं. युद्धाचा काळ, सिमेंट-लोखंड मिळेना, म्हणजे जे हाताशी आहे त्यात भागवायचं. त्यात म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांना घुमट-कमानी आवडायच्या, याला साधं सपाट हवं असायचं, ती ओढाताण १९४१ ला दिवाणांनी पद सोडेपर्यंत चालली. आणि हो, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न त्याचे सख्खे मामा, तेही १९३५-३६ ला बेंगळुरूलाच सी. व्ही. रामन यांच्याकडे होते. घरातलं कुणीतरी आधी तिथे राहून गेलं होतं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, निर्वासित माणसाला असा एखादा धागा लागतोच.

नकाशावाली:
मी प्लॅनर आहे, तुळई यांच्याशी सहमत, पण मला दिल्लीचं प्रकरण जास्त मोठं वाटतं. फाळणीनंतर लाखो निर्वासित, त्यांना पटकन घरं हवीत, म्हणून सरकारने दिल्लीत जंगपुऱ्याला प्रीफॅब घरांची फॅक्टरी काढली. काँक्रीटचे पॅनेल फॅक्टरीत ओतायचे आणि साइटवर नुसते जोडायचे. कागदावर एकदम बरोबर, पण पॅनेलना तडे जायला लागले, संसदेत गदारोळ झाला आणि थोड्याच काळात कोनिग्सबर्गर भारत सोडून गेला. ही गोष्ट त्याच्या करिअरमधला डाग म्हणून एका ओळीत उरकू नकोस, कारण पुढे काय झालं बघ. १९५४ ला संयुक्त राष्ट्रांच्या कामावर चार्ल्स एब्रम्स आणि व्लादिमीर बोडियान्स्की यांच्याबरोबर घानाला (तेव्हाचा गोल्ड कोस्ट) गेला, तिथे या तिघांनी आख्खी घरं बांधून द्यायचा विचारच बाजूला ठेवला. भिंती लोक स्वतःच्या स्वतः उभारतातच, अडतं ते छपरावर, मग कर्ज द्यायचं ते छप्पर, दारं आणि खिडक्यांसाठी. जंगपुऱ्यातल्या माणसाने हे म्हणावं यात मला सगळं करिअर दिसतं.

बाकी भुवनेश्वरचा १९४८ चा आराखडा, जमशेदपूरचा टाटांसाठीचा, हे घेच, पण त्यावर फार पानं घालवू नकोस. भुवनेश्वरात शेजारवस्त्यांची कल्पना म्हणजे शाळा, बाजार, दवाखाना चालत जाता येईल एवढ्यात, एवढं दाखवलं तरी पुरे.

जाळीदार_भिंत:
ताई आणि तुळई सर, दोघांचेही खूप आभार. छपराचं कर्ज माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं, आत्ता परत नोट्स काढल्या. म्हणजे लंडनच्या एए (आर्किटेक्चरल असोसिएशन ही आर्किटेक्चरची शाळा) मधला ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण हवामानासाठीच्या आर्किटेक्चरचा विभाग (१९५४ चा, नंतर हाच प्रमुख) हा वेगळा अध्याय नाहीच, बेंगळुरूचे छज्जे आणि दिल्लीचे तडे तिथे अभ्यासक्रम झाले, असं मांडलं तर चालेल?

तुळई:
चालेल, फक्त पुरावा म्हणून महोनी टेबल लाव. महिन्यामहिन्याचं तापमान, आर्द्रता, पाऊस भरायचा आणि त्यावरून इमारतीचं तोंड कुठे, खिडकी केवढी, भिंत जाड की पातळ हे ठरवायचं. ते त्याने कार्ल महोनीबरोबर केलं. बेंगळुरूची आकडेवारी घालून स्वतः एकदा भर आणि एरोनॉटिक्सच्या इमारतीच्या फोटोशेजारी ठेव. तेच तुझी पहिली स्लाइड कर.

जाळीदार_भिंत:
रविवारी भरायला बसते. फोटो मिळाला तर इथे टाकते, छज्जा किती बाहेर आलाय ते नीट दिसेल असा.