मदत हवी आहे : कोमूनेला (इथल्या नगरपालिकेला) इटालियनमध्ये उत्तर लिहायचंय, भाषा तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी, इटलीत राहणारं कोणी असेल तर प्लीज लवकर सांगा, हातात दहा दिवस होते त्यातले तीन गेले. घर बदललं म्हणून नव्या पत्त्यावर रेसिदेंत्साचा (अधिकृत रहिवासाच्या नोंदीचा) अर्ज केला होता, तर चौकशीला विजिले (पालिकेचा पोलीस) दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा आम्ही दोघं कामावर, दाराला कुलूप, बेलवर नावही आधीच्या भाडेकरूचं. आता 'मोतीवी ओस्तातीवी'चं पत्र आलंय, म्हणजे अर्ज नाकारायच्या आधीची नोटीस, १९९० च्या २४१ नंबरच्या कायद्याप्रमाणे दहा दिवसांत आपलं म्हणणं लेखी द्यायचं.

बोलायला मला अडत नाही, शेजारणीशी 'तू' चालतं, तेही अगदी आपल्यासारखंच तू. पण ऑफिसला 'लेई', म्हणजे शब्द 'ती'चा आणि समोर साहेब असला तरी तोच, आणि लिहायला बसलं की माझं सगळं एकात एक होतं. सुरुवात अशी केलीये: 'ला सोत्तोस्क्रित्ता किएदे के विएने फात्तो उन नुओवो कोंत्रोल्लो' (पुन्हा एकदा तपासणी व्हावी अशी विनंती करते), आणि पुढच्याच ओळीत 'वोलेवो दीरे के लावोरो फीनो आल्ले सेत्ते' (मला सांगायचं होतं की मी सातपर्यंत काम करते). सोत्तोस्क्रित्ता म्हणजे आपल्या अर्जातलं 'खाली सही करणारी' ना? मग पुढे 'मी' लिहिलं तर चालतं का? आणि 'कोदेस्तो उफ्फीचो' लिहू का, की फार जुनाट वाटेल? इथे घर आहे आमचं, निव्वळ एका क्रियापदापायी कागद अडू नये असं फार वाटतंय.

प्रतिसाद : ताई, घाबरू नका. 'किएदे के'नंतर कोंजुंतीवो (इच्छा-विनंतीसाठीचं क्रियापदाचं रूप) लागतो, म्हणून विएने नाही, 'वेंगा', आणि फात्तोऐवजी 'एफ्फेत्तुआतो' लिहा. सोत्तोस्क्रित्ताने सुरू केलंत तर शेवटपर्यंत तृतीयपुरुषच ठेवा, लावोरो नाही 'लावोरा', नाहीतर 'इओ सोत्तोस्क्रित्ता' लिहून सगळं 'मी'त करा, 'किएदो', 'लावोरो', तेही चालतं. वोलेवो काढाच, ते बोलण्यातलं. कोदेस्तो बोलण्यात टस्कनीबाहेर फारसं ऐकू येत नाही पण सरकारी कागदावर अजून आहे, 'आपले कार्यालय' म्हणतो तसं, बिनधास्त लिहा. वर 'ओज्जेत्तो' म्हणजे विषय, त्यात नोटिशीचा प्रोतोकोल्लो (आवक-जावक) नंबर, खाली 'दिस्तींती सालूती' (आपली नम्र, तसं). भाडेकराराची कॉपी जोडा, घरी कधी असता ते वार आणि वेळेसकट लिहा. आणि बेलवर नाव आजच लावा.

मूळ लेखिका : खूप खूप आभार दादा! वेंगा केलं, सगळं 'इओ'त घेतलं. नावाची चिठ्ठी आत्ताच बेलवर चिकटवून आले, पत्र उद्या सकाळी पेकने (नोंदणीकृत ईमेलने) पाठवते.