फिंगरस्टाइलसाठी गिटार: वरची फळी सीडर लाकडाची की स्प्रूसची? (ठाण्याच्या पावसासकट) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे गिटारवाले कुणी असतील तर जरा बघा, येत्या रविवारी पैसे मोजायचे आहेत.

मी वर्तकनगरला राहते. अकरा वर्षं एकच गिटार वाजवतेय, भावाकडून आलेली लॅमिनेट टॉपची (वरची फळी थर चिकटवून केलेली) ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची. नखीने कॉर्ड झोडायला अजूनही दणदणीत आहे. पण तीनेक वर्षांपूर्वी नखी सुटली. आता अंगठा खर्जावर आणि तीन बोटं वरच्या तारांवर, तेही रात्री साडेदहानंतर. मुलगा दहावीला, सासूबाई पलीकडच्या खोलीत. हळू वाजवायला लागले ती नाइलाजाने, मग तेच आवडायला लागलं.

अडचण अशी की हळू वाजवलं की या गिटारचा खर्ज बाकी सगळं गिळतो. वरच्या दोन तारांवर चाल असते ती माझी मलाच ऐकू येत नाही. बॉडी एवढी मोठी की उजवा खांदा वर चढतो आणि अर्ध्या तासात मान धरते. नट (मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ४३ मिमी रुंद, त्यामुळे डी कॉर्ड धरताना बोट शेजारच्या तारेला लागतं. (बोटं जाडी आहेत, हे घरच्यांनी सांगून झालंय.)

ठाण्यातल्या एका दुकानात 'सॉलिड टॉप' (थर नसलेली, अस्सल लाकडाची वरची फळी) म्हणून एक दाखवली. साउंडहोलच्या (मधल्या भोकाच्या) कडेला मोबाइलचा टॉर्च मारला तर प्लायवुडसारखे थर दिसले. सॉलिड असेल तर वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसतात, एवढं मला माहीत होतं. काही न बोलता परत आले.

मग सीएसएमटीची लोकल पकडून धोबीतलाव. तिथे यामाहाच्या एफजी ८०० आणि एफएस ८०० शेजारी शेजारी वाजवल्या. दोन्हींचा टॉप सॉलिड स्प्रूस, दोन्हींचा नट ४३ मिमी. पण एफएसची बॉडी आटोपशीर, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६५०ऐवजी ६३४ मिमी, म्हणून तार बोटाखाली मऊ लागते. खर्ज कमी, पण प्रत्येक तार सुटी ऐकू आली. वाटलं, झालं काम.

तेवढ्यात विक्रेत्याने सीडर टॉपची एक ओएम आकाराची (ड्रेडनॉटपेक्षा आटोपशीर) हातात दिली, नट ४४.५ मिमी. दीड मिलिमीटरने काय होतंय म्हणाल, तर डी धरून बघा! आणि आवाज... स्प्रूसला थोडं ढोसावं लागतं, ही नुसत्या बोटाच्या मांसाने छेडली तरी बोलत होती. गोल, उबदार, जरा जुन्या रेडिओसारखा. किंमत मात्र एफएसच्या दुपटीच्या आसपास.

सीडर लवकर थकतं का? आपल्या पावसाळ्यात सॉलिड टॉप टिकतो का? आणि पैसे कमी असतील तर एफएस घेऊन रुंद नटाचा मोह सोडावा का?

प्रतिसाद १
ताई, सीडर थकत नाही, पण त्याला मर्यादा असते. स्प्रूसपेक्षा मऊ लाकूड, हलक्या हाताला लगेच उत्तर देतं. जोर वाढवला की एका टप्प्यानंतर आवाज मोठा होत नाही, नुसता गढूळ होतो. तुमच्या साडेदहाच्या बैठकीला तो टप्पा येणारच नाही. दहावीचा निकाल लागल्यावर जोरात वाजवणार असाल तर वेगळा विचार करा. नखं वाढवत असाल तर जपून, सीडरवर ओरखडे पटकन उठतात.
नटाचं रुंदपण डाव्या हाताच्या कामाचं. उजव्या हाताला जागा हवी असेल तर सॅडलवर (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) दोन तारांमधलं अंतर मोजा, ते कुणी बघतच नाही.

प्रतिसाद २
ऐरोलीहून. खाडीची हवा काय करते ते माझ्याकडून ऐका. मी हौसेने पूर्ण सॉलिड महोगनीची घेतली आणि भिंतीवर टांगली. जुलैत टॉप फुगला, बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर) तारेची उंची अडीच मिमीवरून जवळजवळ चारवर गेली. मी शहाणपणा करून ट्रसरॉड (गिटारच्या मानेतली धातूची सळई) पिळला. ट्रसरॉड मानेचा बाक काढतो, फुगलेलं पोट आत नेत नाही, हे नंतर कळलं.
आता हार्ड केस, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवतो. माझं मत: टॉप सॉलिड आणि मागची-बाजूची फळी लॅमिनेट अशी घ्या. पावसाळा कमी छळतो, पैसेही वाचतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. सीडरवालीची मागची फळी लॅमिनेटच आहे, आत्ता दुकानात फोन करून विचारलं. रविवारी स्टीलची पट्टी घेऊन जाते: सॅडलवरचं अंतर, बाराव्या फ्रेटची उंची आणि ब्रिजमागे (सॅडल ज्यात बसतं त्या लाकडी पट्टीमागे) टॉप फुगलाय का, तिन्ही बघते. सॅडल आधीच घासून बुटकं केलेलं असेल तर घेणार नाही, पुढे तार खाली आणायला काही उरतच नाही.
एक राहिलं. सीडरवर फॉस्फर ब्राँझच्या तारांचा १२चा (जाड) सेट लावू की ११चा (बारीक)? हात हलका आहे, पण ११ने खर्ज अगदीच बारीक होईल अशी भीती वाटते.