मदत हवी आहे: हरलेला डाव न सोडता प्रतिस्पर्धी घड्याळ संपेपर्यंत बसून राहतो, उपाय काय?

उशिराचा_डाव
नमस्कार. ऑनलाइन बुद्धिबळात एकच अनुभव वारंवार येत असून आता त्याचा वीट आला आहे. वजीर गेला किंवा मात समोर दिसू लागली, की प्रतिस्पर्धी ना चाल करतो, ना डाव सोडतो. उरलेला सगळा वेळ संपेपर्यंत नुसता बसून राहतो. कामावरून आल्यावर झोपण्यापूर्वी मला जेमतेम एक डाव खेळता येतो आणि त्यातला बराच वेळ न हलणाऱ्या पटाकडे बघण्यात जातो. रिपोर्ट केले, ब्लॉक केले, तरी दुसऱ्या दिवशी दुसरा कोणीतरी तेच करतो. खात्रीशीर उपाय कोणी सांगेल का? कृपया लवकर सांगावे.

चौकट६४
आपण डाव किती मिनिटांचा खेळता, प्रत्येक चालीमागे सेकंद वाढवून मिळतात की नाही, आणि प्रतिस्पर्धी जोडलेला राहून बसतो की त्याचे कनेक्शन तुटलेले दिसते, यातले काहीच लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे अंधारात तीर मारणे ठरेल.

शांत_प्यादे
मला मुळात यात तक्रार करण्यासारखे काही वाटत नाही. घड्याळातला वेळ त्याचा आहे आणि तो कसा वापरायचा हे त्याने ठरवावे. हरत असलेल्या खेळाडूने डाव सोडलाच पाहिजे असे फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत कुठेही म्हटलेले नाही. मी लहान मुलांना शिकवतो आणि त्यांना डाव सोडू नका असेच सांगतो, कारण वजीर जास्त असलेला नवखा खेळाडूसुद्धा समोरच्या राजाला शह न देता त्याच्या सगळ्या चाली बंद करून बसतो आणि जिंकलेला डाव बरोबरीत जातो.

अनुराधा_ठाणे
सर, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. मात होईपर्यंत खेळत राहणे हा हक्क आहे आणि आपण मुलांना जे शिकवता ते योग्यच आहे. पण धागाकर्त्यांची तक्रार खेळत राहणाऱ्यांबद्दल नाही, न खेळता बसणाऱ्यांबद्दल आहे. फिडेच्याच नियमांतले ११वे कलम काढून बघा: बुद्धिबळाची अप्रतिष्ठा होईल असे वर्तन खेळाडूंनी करू नये आणि प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. ज्याला पटावर एखादी चाल शोधायची आहे तो विचार करतो आणि मग ती चाल करतो. पुढच्याच चालीला मात आहे, राजाला जायला एकच घर आहे आणि तरी माणूस पंधरा मिनिटे हलत नाही, तेव्हा तो विचार करत नसून जिंकणाऱ्याला शिक्षा देत असतो. आपल्या विद्यार्थ्याने असे केले तर आपण त्याला काय सांगाल?

शांत_प्यादे
ताई, विद्यार्थ्याने असे केले तर मी त्याला नक्कीच समज देईन, त्याबद्दल दुमत नाही. पण बाराशे रेटिंगच्या, म्हणजे बेताच्या ताकदीच्या, खेळाडूला त्या स्थितीत एकच चाल उरली आहे हे दिसतच नसेल, ही शक्यताही धरा. पलीकडच्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला पटावरून कळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना_सांगलीकर
हा प्रकार इंटरनेटने आणलेला नाही. १८९५ साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या स्टाइनिट्झने कुर्ट फॉन बार्डेलेबेनविरुद्ध आपला हत्ती सातव्या पट्टीवर असा घुसवला, की तो उघडा असूनही काळ्याला मारता येईना. पंचविसाव्या चालीला त्या हत्तीने एच-७ वरचे प्यादे मारून शह दिला, तेव्हा बार्डेलेबेनने डाव सोडला नाही. तो उठून सभागृहाबाहेर निघून गेला आणि त्याचे घड्याळ तसेच चालत राहिले. पुढे दहा चालींत होणारी मात स्टाइनिट्झला बघ्यांना पटावर मांडून दाखवावी लागली. त्या डावाची सुंदर सांगता पटावर व्हायला हवी होती आणि ती झाली नाही, याची हळहळ आजही तो डाव लावून बघताना वाटते.

अवांतर: आमच्याकडे नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांमुळे लहानपणापासून समोरासमोर बसून खेळायची सवय लागते, आणि डाव संपल्यावर हात मिळवून ‘कुठे चुकलं?’ असे एकमेकांना विचारणे हा खेळाचाच भाग असतो. ज्याने फक्त मोबाइलवर खेळ शिकला त्याला हे कोणी दाखवलेलेच नसते.

तिरकी_चाल
प्रतिस्पर्धी इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, वापरत आहे का, हे आधी तपासा. त्याचे सगळे डाव उतरवून घ्या आणि अचूकतेचे आकडे पाहा. प्रत्येक चालीला सारखाच वेळ लागत असेल तर संशयाला जागा आहे.

उशिराचा_डाव
तिरकी_चाल, तो हरत असताना बसून राहतो, त्यामुळे इंजिनचा प्रश्नच येत नाही.

चौकट६४, तपशील देतो. मी ३० मिनिटांचे रॅपिड डाव खेळतो, सेकंद वाढवून मिळत नाहीत. कनेक्शन तुटत नाही, तो जोडलेलाच राहतो. आणखी एक प्रकार असा, की शेवटची वीस-तीस सेकंद उरली की तो अचानक चाल करतो. तोपर्यंत मी कंटाळून पाणी प्यायला उठलो असेन आणि माझे घड्याळ आपोआप पळत राहील, अशी त्याची अपेक्षा असते. त्यामुळे दुसऱ्या खिडकीत काही वाचावे म्हटले तरी लक्ष इकडेच ठेवावे लागते. साइटचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे खेळाडूंचे वर्तन आहे.

झटपट_घोडा
मग सोपे आहे, ३ मिनिटांचे ब्लिट्झ खेळा. कोणी किती बसून बसणार?

उशिराचा_डाव
ब्लिट्झमध्ये मला विचार करता येत नाही. मला शांतपणे खेळायचे आहे, म्हणून तर ३० मिनिटे निवडतो.

चौकट६४
आता मुद्दा स्पष्ट झाला. ब्लिट्झची गरज नाही, पण आपण निवडलेला वेळ हेच अडचणीचे मूळ आहे. समजा विसाव्या चालीला त्याचा डाव गेला आणि तोवर त्याने ८ मिनिटे वापरली आहेत. ३० मिनिटांच्या डावात त्याच्या हाती बसून राहायला २२ मिनिटे उरतात. तोच डाव १० मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंद असा असेल, तर विसाव्या चालीपर्यंत त्याला एकूण ११ मिनिटे ४० सेकंद मिळालेली असतात आणि उरतात फक्त ३ मिनिटे ४० सेकंद. १५ अधिक १० घेतलात तर १० मिनिटे २० सेकंद उरतील, पण विचाराला वेळही जास्त मिळेल. बॉबी फिशरने १९८८ मध्ये ज्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जे १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात वापरले, त्याचे मर्म हेच आहे: वेळ आधीच हातात न देता खेळत राहणाऱ्याला तो मिळत जातो.

झटपट_घोडा
म्हणजे नुसते सेकंद वाढवून मिळाले की काम झाले.

चौकट६४
नाही. ३० मिनिटांत वर सेकंद मिळवलेत तर त्याला बसायला अधिकच वेळ मिळेल. सुरुवातीचा साठा कमी करणे हा खरा उपाय आहे. वाढीव सेकंदांमुळे एवढेच होते, की साठा कमी करूनही शेवटच्या टप्प्यात आपली धांदल उडत नाही.

मुक्ता_नाशिक
आमच्या भागात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची आहेत, म्हणून एक विनंती: प्रत्येक थांबलेल्या खेळाडूला लगेच दोष देऊ नका. अनेक साइट हा फरक करतातही. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर प्रतिस्पर्धी निघून गेला तर थोड्या वेळाने विजय किंवा बरोबरी मागण्याचा पर्याय येतो. जोडलेला राहून बसणाऱ्यासाठी तो येत नाही, मात्र असे वारंवार करणाऱ्याला तिथे काही काळ खेळण्यास आपोआप बंदी होते. आपल्या साइटवर काय व्यवस्था आहे ते मदतीच्या पानावर बघून घ्या.

अनुराधा_ठाणे
शिवाय चॅटमध्ये त्याला काहीही बोलू नका. आपण चिडलो हे कळले की तो आणखी बसतो, आणि शब्द वावगा गेला तर कारवाई आपल्यावर होते. चॅट बंद करून खेळणे उत्तम.

उशिराचा_डाव
सर्वांचे आभार. आज १० अधिक ५ लावून बघतो. एक शंका राहते: तो शेवटच्या क्षणी चाल करून मला गाफील पकडतो, तेव्हा त्याच्याकडे एकटा राजा उरला असेल आणि माझी वेळ संपली, तर मी हरतो का?

चौकट६४
नाही, डाव बरोबरीत सुटतो, कारण एकट्या राजाने मात करणे शक्यच नाही. पण त्याच्याकडे एक प्यादे जरी शिल्लक असेल तर आपण हरू शकता, कारण ते वजीर होऊ शकते. तेव्हा साइटवर चालीचा आवाज सुरू ठेवा, म्हणजे दुसऱ्या खिडकीत वाचत असलात तरी कळेल. रिपोर्टमध्ये डावाची लिंक, कोणत्या चालीला तो थांबला आणि त्या वेळी त्याच्या घड्याळात किती मिनिटे होती, एवढेच लिहा.