मान्सून्ड मलबारचा रोस्ट जमत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, म्हापशात 1 किलोचा गॅसवरचा ड्रम रोस्टर आहे. या पावसाळ्याच्या निवडीत तीन कॉफ्या: चिकमगळूरची वॉश्ड (गर धुऊन काढून वाळवलेली) अरेबिका, अराकूची नॅचरल (फळासकट वाळवलेली) आणि मान्सून्ड मलबार (पावसाळी दमट वाऱ्यात मुरवलेली). पहिल्या दोन जमल्यात, घोडं अडलंय मलबारपाशी.

चिकमगळूरची 800 ग्रॅमची बॅच 195 अंशांना आत जाते, साडेआठ मिनिटांना पहिला क्रॅक (बी तडकल्याचा आवाज), पुढे दीड मिनिट. अराकू 185 ला, नाहीतर नॅचरल पटकन करपते. मलबारचं बी फुगलेलं, पिवळट आणि हलकं, म्हणून 170 ला घातलं. डाग पडले नाहीत, पण क्रॅक इतका दबका की ड्रमच्या घरघरीत ऐकूच येत नाही आणि कपात कच्च्या शेंगदाण्याची चव. 185 ला घातलं तर बाहेरून काळे ठिपके, आत फिकट. दळून पूड बाहेरच्या रंगाशी ताडली की फरक लगेच दिसतो.

क्रॅक ऐकू येत नसेल तर रोस्ट कशावर थांबवता? वजनातल्या घटीवर भरवसा नाही. मीटरवर चिकमगळूर 11 टक्के ओलावा दाखवतं, मलबार 13.5, म्हणजे घटीत पाणीच जास्त. 170 लाच ठेवून मधल्या टप्प्यात गॅस वाढवावा, की बॅच 600 ग्रॅमवर आणावी?

दुसरं, गोदामात आर्द्रता 85 च्या खाली येत नाही. गोणीच्या आत हवाबंद पिशवी आहे, पण एकदा फोडली की संपलं. ऊन दाखवा असं कृपया सांगू नका, जुलै आहे.