इंटरनॅशनल बिझनेस शिकवायला सिम्युलेशन गेम वापरावा का?

प्रश्न: एमबीएच्या मुलांना ग्लोबल स्ट्रॅटेजी शिकवतोय, केस स्टडीवर सगळे छान बोलतात पण निर्णय घ्यायची वेळ आली की गप्प. सिम्युलेशन गेम, म्हणजे टीमने लुटुपुटूची कंपनी चालवत प्रत्येक राउंडला निर्णय घ्यायचे, असा वापरलाय का कोणी? मुलं नुसती नंबराच्या मागे लागतील अशी भीती वाटते.

उत्तर: वापराच. माझ्या एका टीमने स्वस्त मजुरी बघून सगळं प्रॉडक्शन एकाच देशात नेलं, चौथ्या राउंडला तिथलं चलन वधारलं आणि एक्सपोर्टचं मार्जिन साफ गेलं, चेहरेच पडले सगळ्यांचे. करन्सी रिस्क मी लेक्चरमध्ये तीनदा सांगितली होती, डोक्यात शिरली ती तेव्हा!

उत्तर: सहमत, पण खेळ संपल्यावरची चर्चा अजिबात सोडू नका. एमआयटीत १९६० च्या सुमारास निघालेला बीअर गेम घ्या, त्यात दुकानदारापासून कारखान्यापर्यंत साखळीतला प्रत्येकजण मागच्याकडे बीअरची ऑर्डर देतो आणि प्रत्येकाला वाटतं गिऱ्हाइकाची मागणी सारखी वरखाली होतेय, नंतर आलेख दाखवला की कळतं मागणी एकदाच वाढली होती, बाकी सगळा गोंधळ आपल्याच ऑर्डरींनी केलेला.

उत्तर: शेवटचा राउंड कुठला ते आधी सांगू नका, कळलं की आर अँड डीचा (संशोधनाचा) खर्च बंद करून नफा फुगवतात. आणि मार्क रँकला कमी, निर्णय का घेतला त्या रिपोर्टला जास्त ठेवा.